तीन लिटर

पांझरेत या महिन्यात पाणी नाही.
फरशी पुलाखाली पोरं क्रिकेट खेळतात.
गल्ली नंबर सहामधल्या आमच्या लॅबमध्ये मात्र
सकाळी साडेनऊला पाणी आलं.
दवाखान्यात तीन लिटर काढलं,
त्यातलं पन्नास मिली माझ्याकडे,
गव्हाच्या काडासारखं पिवळं, जरा गढूळ.
लेबलवर: हिरकणबाई सुपडू भोई, ५८, बेटावद.

ती बाहेर बाकावर. शेजारी सून,
चिठ्ठ्या पिशवीत घालते, काढते, घालते.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेली बाई,
भुवयांत अजून रुई अडकली असावी
इतक्या पांढऱ्या.
खिडकीतून मला म्हणाली,
"नदीमा नही, हिरमा नही,
मना पोटमा कथाईन उनं व माय इतलं पानी?"

मी म्हटलं, रिपोर्ट संध्याकाळी.
हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असतं.

सेंट्रिफ्यूज फिरलं.
तळाशी बसलेलं काचेवर ओढलं, रंगवलं,
आणि भिंगाखाली त्या होत्या.
एकेकट्या नाहीत.
घोळक्यानं.

सांगता आलं असतं तिला, असं काहीतरी:
बाई, पेशी एकमेकींचा हात धरून असतात.
त्या हाताला कॅडहेरिन म्हणतात.
नळीच्या टोकाशी असेल, अंडाशयावर असेल,
एका राखणदार जनुकाचा डोळा लागला
आणि पुढे कधीतरी एकीनं हात सोडला.
जिनात सरकी खाली पडते, रुई उडते,
तशी ती सुटली.
पण पोटात वारा नसतो.
म्हणून पाणी.
तेही त्यांनीच मागवलं,
रक्तवाहिन्यांना निरोप धाडला, त्या पाझरू लागल्या.

पाण्यात एकटी पेशी मरते.
त्यांना हे कोण सांगतं, मला माहीत नाही.
हात सोडून आलेल्या त्या
पुन्हा एकमेकींना बिलगतात, गोळा होतात,
आणि तरंगत राहतात
कुठंतरी टेकेपर्यंत.

प्रत्येकीच्या पोटात, आतड्यांपुढे,
चरबीचा एक पदर लोंबतो.
डॉक्टर त्याला ओमेंटम म्हणतात.
मी मनात ओटी म्हणते.
बांधावरून चालताना लुगड्याच्या काठाला
कुसळं धरतात ना, तसंच:
पेशीच्या अंगावर एक लांब प्रथिन,
ओटीच्या अस्तरावर त्याला धरणारं दुसरं.
मग कात्रीसारखी एन्झाइमं अस्तर उसवतात,
आणि चरबी,
जिनं तुझ्या उपाशी दिवसांसाठी
थेंब थेंब तेल बाजूला ठेवलं,
ते त्यांना वाढते.
कोण, कुठले, विचारत नाही.
दारात आलेल्याला वाढायचं, एवढंच तिला ठाऊक.

दुपारी रक्ताचा आकडा आला.
सीए एकशेपंचवीस: अठराशे चाळीस.
आम्ही त्याला खबऱ्या समजतो.
तो वाढला की सावध होतो.
मागच्या वर्षी कळलं मला,
ते लांब प्रथिन, ते कुसळ,
हाच तो.
खबऱ्याच दरोड्यात होता.
मी आकडा दोनदा तपासला.
तेवढंच माझ्या हातात.

चौथ्या काचेवर, घोळक्याशेजारी,
कापसाचा एक तंतू होता.
चपटा, पीळ पडलेला, चमकणारा.
बोळ्याचा असेल, माझ्या एप्रनचा असेल.
अशी काच बाद करायची, नवी ओढायची.
मी केली नाही.

सहाला ती पुन्हा खिडकीशी.
"काय दखास तुले त्यामा?"
मी म्हटलं, रुई दखास, मावशी.
ती हसली, पोट दोन्ही हातांनी सावरून.
"ती ते ऱ्हासच."

सुनेनं पाकीट घेतलं.
उघडलं नाही, चिठ्ठ्यांच्या पिशवीतही टाकलं नाही.
पावणेसातची गाडी होती.